मराठवाड्यातील आठवडी बाजार आणि कारागीर

मराठवाड्यातील आठवडी बाजार हा आठवड्याच्या ठरावीक वारी ठरावीक गावी भरणारा खुला बाजार होय. धान्य, भाजीपाला, कापड, किराणा आणि जनावरे यांच्या बरोबरीने कुंभार, लोहार, घिसाडी, मातंग, बुरूड, कैकाडी, चर्मकार, पाथरवट इत्यादी कारागिरांनी हाताने घडविलेल्या वस्तू या बाजारात विकल्या जातात. गावात बलुतेपद्धतीनुसार कारागिराला कामाचा मोबदला सुगीनंतर धान्यरूपाने मिळत असे. बाजारात मात्र त्याला आपल्या वस्तूची किंमत स्वतः सांगून रोख पैसे घेता येत. त्यामुळे बलुतेपद्धती क्षीण झाल्यावरही अनेक कारागिरांचे व्यवसाय आठवडी बाजाराच्या आधाराने टिकून राहिले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून प्लास्टिक, ॲल्युमिनियम, स्टील आणि कारखान्यातील तयार अवजारे यांमुळे बाजारातील त्यांची जागा आक्रसत गेली आहे.

संज्ञा

वारावरून भरणारा म्हणून या बाजाराला 'आठवडी बाजार' असे म्हणतात. खानदेश, विदर्भ व आदिवासी भागांत 'हाट' हा शब्दही रूढ आहे. नंदुरबार जिल्ह्याच्या सातपुडा परिसरात होळीपूर्वी भरणारा भोंगऱ्या हाट प्रसिद्ध आहे. मराठवाड्यात धान्याच्या घाऊक व्यापाराच्या जागेला 'मोंढा' म्हणतात आणि तो आठवडी बाजारापासून वेगळा मानला जातो. बाजार सुरू होण्याला 'बाजार भरणे' व संपण्याला 'बाजार फुटणे' किंवा 'बाजार उठणे' असे शब्दप्रयोग आहेत. विक्रेत्याने उन्हापासून आडोसा म्हणून उभारलेल्या कापडी छपरास 'पाल' म्हणतात.

बाजारावरून पडलेली गावांची नावेही आढळतात. हिंगोली जिल्ह्यातील जवळा बाजार, नांदेड जिल्ह्यातील नायगाव बाजार आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील बाजार सावंगी ही त्यांची उदाहरणे होत. वार आणि पेठ यांचा संबंध पुण्यातील सोमवार, बुधवार, शनिवार, रविवार इत्यादी पेठांच्या नावांतही दिसतो.

भौगोलिक पार्श्वभूमी

बीड, लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांचा बराच भाग बालाघाट डोंगररांगेने व्यापलेला आहे. येथील शेती प्रामुख्याने पावसावर अवलंबून असून वस्ती लहान गावे, वाड्या आणि तांडे यांत विखुरलेली आहे. अशा वस्तीत प्रत्येक कारागिराला वर्षभर पुरेल इतके गिऱ्हाईक मिळत नाही. म्हणून रस्ता किंवा लोहमार्गावरील मोठ्या गावी आठवड्यातून एकदा गिऱ्हाईक आणि कारागीर या दोघांनीही यावे, ही व्यवस्था सोयीची ठरली. शेजारच्या गावांचे बाजार शक्यतो एकाच वारी येत नाहीत. त्यामुळे फिरते विक्रेते व कारागीर आठवडाभर एका बाजाराहून दुसऱ्या बाजाराला जाऊ शकतात.

अंबाजोगाई तालुक्यातील घाटनांदूर हे या पट्ट्यातील मोठे गाव लातूर रोड–परळी वैजनाथ लोहमार्गावरील स्थानक आहे. परळी, अंबाजोगाई, अहमदपूर आणि लातूर रोड या ठिकाणांच्या मधल्या या टापूतील ग्रामस्थांची बाजारहाटाची ये-जा पूर्वी बैलगाडीने व रेल्वेने होत असे. पुढे एस.टी. बस, जीप आणि दुचाकी यांचा वापर वाढला.

इतिहास

प्राचीन काळ

मराठवाड्यातील कारागिरी आणि व्यापार यांचा संबंध प्राचीन आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस ऑफ द इरिथ्रियन सी' या ग्रीक ग्रंथात पैठण आणि तगर या दोन व्यापारी नगरांचा उल्लेख असून तेथील माल गाड्यांतून बिकट वाटांनी भडोच बंदराकडे जात असल्याचे म्हटले आहे. तगरहून जाणाऱ्या मालात जाड्याभरड्या कापडाबरोबर मलमलही होती. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर होय. संत गोरा कुंभार हे याच गावचे.

बलुतेपद्धती आणि बाजार

मध्ययुगीन व मराठा काळात गावातील कारागीर व सेवेकरी यांना बलुतेदार म्हणत. त्यांच्या परंपरागत यादीत सुतार, लोहार, महार व मांग हे थोरल्या ओळीचे. कुंभार, चांभार, परीट व न्हावी हे मधल्या ओळीचे. आणि भट, मुलाणी, गुरव व कोळी हे धाकट्या ओळीचे मानले जात. प्रदेशानुसार ही यादी बदलते. शेतकऱ्याचे नांगर, तिफणी व दोर यांची वर्षभर दुरुस्ती केल्याबद्दल बलुतेदाराला खळ्यावर धान्याचा वाटा मिळे. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या 'गाव-गाडा' (१९१५) या ग्रंथात या व्यवस्थेचे तपशीलवार व टीकात्मक वर्णन आहे.

या व्यवस्थेत कारागिराला काम नाकारण्याचे वा दर ठरविण्याचे स्वातंत्र्य फारसे नव्हते. जातीनुसार बलुत्याचे प्रमाण व मान ठरत असे आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींना त्यात अपमानास्पद वागणूक मिळे. घिसाडी, कैकाडी, वडार यांसारख्या भटक्या जमातींचे तर कोणत्याच गावात वतन नव्हते. त्यांच्यासाठी आठवडी बाजार व यात्रा हीच विक्रीची मुख्य ठिकाणे होती.

मोठ्या पेठेच्या गावी बाजाराची व्यवस्था शेट्ये व महाजन हे वतनदार पाहत. व्यापारी व कारागीर यांच्यावर 'मोहतर्फा' नावाचा व्यवसायकर आकारला जाई.

हैदराबाद संस्थान

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचे 'हाली सिक्का' हे स्वतंत्र चलन होते, तर ब्रिटिश भारताच्या रुपयाला 'कलदार' म्हणत. तहबाजारी, मोंढा, गंज हे शब्द मराठवाड्याच्या बाजारभाषेत आजही वापरले जातात. बीड शहर त्या काळी चामड्याच्या छागल (पाण्याच्या पिशव्या) आणि गुप्ती यांसाठी ओळखले जाई. लातूर येथील गंजगोलाई हे वर्तुळाकार व्यापारकेंद्रही याच काळातील असून तेथे १६ रस्ते येऊन मिळतात. या रस्त्यांवर दागिने, पादत्राणे, मिरची, गूळ इत्यादींच्या बाजारपेठा वसल्या.

स्वातंत्र्योत्तर काळ

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्यात समाविष्ट झाला. भटक्या कारागिरांपैकी काही जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारणारा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. मेट्रिक पद्धत लागू झाल्यावर शेर, पायली, मण व खंडी ही मापे अधिकृत व्यवहारातून गेली. ज्वारी-बाजरीच्या घरगुती देवघेवीत मात्र पायलीचा वापर पुढेही दीर्घकाळ चालू राहिला.

बाजाराची रचना

आठवडी बाजारात दुकानांचे क्रमांक किंवा पाट्या क्वचितच असतात. तरीही कोणती वस्तू कोठे मिळेल हे नेहमीच्या गिऱ्हाइकांना ठाऊक असते, कारण जागा वर्षानुवर्षे ठरलेल्या असतात. भाजी, फळे व मिरची-मसाला यांच्या रांगा मध्यभागी असतात. कापड, चपला व बांगड्यांची पाले त्यांना लागून असतात. शेव, चिवडा, भजी व जिलेबीचे गाडे वाटेच्या तोंडाशी उभे राहतात. जनावरांचा बाजार गर्दीपासून दूर मोकळ्या मैदानात असतो. लाल कंधारी व देवणी या मराठवाड्यातील गोवंशाच्या जाती तेथे विशेष पाहिल्या जातात.

कारागिरांची जागा बहुधा बाजाराच्या कडेला असते. यामागे काही व्यावहारिक कारणे आहेत. कुंभाराची मडकी गर्दीच्या धक्क्याने फुटण्याची भीती असते, घिसाड्याच्या भट्टीला मोकळी जागा लागते आणि टोपल्या व डालग्यांचे ढीग मोठी जागा व्यापतात. जातिभेदाच्या जुन्या रूढीमुळेही काही कारागिरांना कडेची जागा मिळत असे.

सकाळी माल उतरविणे व पाले ठोकणे चालते. दुपारच्या सुमारास गर्दी सर्वाधिक असते, आणि सायंकाळी परतीच्या वाहनांच्या वेळेनुसार बाजार फुटू लागतो.

कारागीर व त्यांच्या वस्तू

कुंभार : माठ, रांजण, डेरा, घागर, गाडगे, पणत्या व बोळकी या वस्तू कुंभार विकतात. उन्हाळ्यात माठ व रांजणांना मागणी असते. मडक्यावर टिचकी मारून त्याचा आवाज ऐकण्याची पद्धत सार्वत्रिक आहे. खणखणीत आवाज आल्यास ते पक्के भाजलेले व बिनतडकीचे समजतात.

घिसाडी व लोहार : घिसाडी ही फिरत्या लोहारांची जमात आहे. कुटुंबासह बाजारात येऊन ते जमिनीवरच भट्टी मांडतात. पुरुष सांडशीने तापलेले लोखंड ऐरणीवर धरतो आणि स्त्रिया घण मारतात, हे दृश्य या जमातीची ओळख ठरले आहे. विळा, खुरपे, कोयता, कुऱ्हाड व कुळवाची पास या वस्तू ते घडवितात. मालमोटारींच्या जुन्या कमानपाट्यांचे पोलाद त्यासाठी वापरले जाते. बोथट झालेल्या अवजाराचे टोक वा धार तापवून व ठोकून नवी करण्यास 'शेवटणे' आणि तापलेले लोखंड पाण्यात बुडवून कठीण करण्यास 'पाणी पाजणे' म्हणतात.

मातंग : दोरकाम हा मातंग समाजाचा परंपरागत व्यवसाय. अंबाडी व घायपात यांच्या वाखापासून दावे, कासरा, सोल, नाडा, चऱ्हाट, मोरकी, वेसण व शिंके तयार होतात. लांब दोर हाताने किंवा वावेने मोजून विकले जातात. शिंदीच्या पानांची केरसुणी हेही या समाजाचे उत्पादन असून लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नवी केरसुणी 'लक्ष्मी' म्हणून पूजली जाते.

बुरूड व कैकाडी : बुरूड बांबूपासून सूप, टोपली, दुरडी, रोवळी, परडी व डालगे विणतात. कैकाडी शिंदी, तरवड, निरगुडी इत्यादींच्या फोकांपासून टोपल्या व कणग्या करीत. तुळजाभवानी व योगेश्वरी यांच्या उपासनेत जोगव्यासाठी परडी लागते, त्यामुळे तिला धार्मिक मागणी आहे.

चर्मकार : जाड तळाच्या चपला, वाद्या व आसूड या वस्तू चर्मकार विकतात व पादत्राणांची दुरुस्ती करतात. विहिरीवरील चामडी मोट इंजिन व विजेच्या पंपांमुळे नाहीशी झाली आणि तिच्याबरोबर या व्यवसायातील एक मोठे काम गेले.

पाथरवट व वडार : जाते, पाटा-वरवंटा, उखळ व खलबत्ता ही दगडी साधने ते घडवितात. गुळगुळीत झालेल्या जात्याला व पाट्याला टाकी लावून देण्याचे कामही केले जाते.

इतर : सुतारांचे पोळपाट-लाटणे व पाळणे, धनगर-सनगरांची घोंगडी, कासारांच्या बांगड्या, पिंजाऱ्यांच्या गाद्या आणि कल्हईवाल्यांची सेवा ही बाजाराची अन्य अंगे होत. घोंगडीला चिंचोक्याची खळ देऊन ताठपणा आणतात. तांब्या-पितळेच्या भांड्यांना नवसागर व कथील वापरून कल्हई केली जाते. स्टीलची भांडी रूढ झाल्यापासून कल्हईवाले विरळ झाले आहेत.

खरेदीच्या रीती

दिवसाच्या पहिल्या विक्रीला 'भवानी' म्हणतात. भवानीच्या वेळी उधारी न करण्याचा आणि गिऱ्हाइकाला शक्यतो रिकाम्या हाती न पाठविण्याचा संकेत विक्रेते पाळतात. दर सांगणे, घासाघीस करणे, उठून पुढे जाणे आणि परत बोलावणे हे व्यवहाराचे नेहमीचे टप्पे आहेत. ओळखीच्या गिऱ्हाइकाशी दादा, मामा, काका, मावशी, आक्का अशा नात्यांच्या संबोधनांनी बोलले जाते. जनावरांच्या बाजारात दलाल व खरेदीदार रुमालाखाली बोटे धरून किंमत ठरवीत, जेणेकरून आजूबाजूच्यांना ती कळू नये.

कारागिराकडील खरेदीचे वैशिष्ट्य म्हणजे ती पुष्कळदा एका बाजारात पूर्ण होत नाही. शेतकरी आपल्या हाताच्या पकडीप्रमाणे खुरप्याची मूठ, बैलाच्या अंगलटीप्रमाणे मोरकी किंवा पायाच्या मापाची चप्पल सांगून जातो आणि पुढच्या बाजाराला ती घेतो. वस्तू बिघडल्यास करणाराच ती दुरुस्त करून देतो. या विश्वासावर उधारीही चालते, आणि ती सुगीनंतर किंवा मजुरी हाती आल्यावर फेडली जाते.

सण, हंगाम व स्थलांतर

कारागिरांच्या विक्रीचे वर्ष सणांशी आणि शेतीच्या हंगामाशी बांधलेले आहे. पावसाळ्यापूर्वी अवजारे शेवटून घेण्यासाठी घिसाड्यांकडे गर्दी होते. पोळ्यापूर्वीच्या बाजारात कासरे, मोरक्या, वेसणी, गोंडे, घागरमाळा आणि मातीचे बैल येतात. घटस्थापनेला मातीचे घट व परड्या, दिवाळीला पणत्या व केरसुण्या, संक्रांतीला सुगडी यांची विक्री होते. लातूर, धाराशिव व बीड जिल्ह्यांच्या काही भागांत मार्गशीर्ष अमावास्येला वेळामावस (येळवस) साजरी होते. त्या दिवशी शेतात आंबील नेण्यासाठी 'बिंदगे' हे मातीचे भांडे लागते, म्हणून आधीच्या बाजारात कुंभारांकडे त्याची मागणी असते.

बीड जिल्ह्यातून दरवर्षी मोठ्या संख्येने कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून 'उचल' (आगाऊ रक्कम) मिळाल्यावर कोयते, दोर, बैलांचे साज आणि संसाराच्या वस्तू यांची खरेदी आठवडी बाजारात होते. कुटुंबे निघून गेल्यावर अनेक गावांच्या बाजारातील गर्दी ओसरते व गळीत हंगाम संपल्यावर पुन्हा वाढते. अशा रीतीने कोयता घडविणाऱ्या घिसाड्याची मिळकत दूरच्या कारखान्याच्या हंगामावर अवलंबून राहते.

प्रशासन

ग्रामीण भागातील आठवडी बाजाराचे व्यवस्थापन ग्रामपंचायतीकडे असते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार (१९५८) बाजार व आठवडी बाजारांवर फी आकारण्याचा अधिकार पंचायतीला आहे. ही वसुली पुष्कळ ठिकाणी लिलावाने ठेकेदाराकडे दिली जाते. तिला बाजार-बैठक किंवा तहबाजारी म्हणतात. शहरांमध्ये पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा पथविक्रेता अधिनियम लागू आहे, परंतु त्याची यंत्रणा नागरी स्थानिक संस्थांवर आधारलेली असल्याने ग्रामपंचायत हद्दीतील विक्रेते तिच्या कक्षेत येत नाहीत.

बदल व ऱ्हास

प्लास्टिकच्या घागरी, नायलॉनचे दोर, रबरी चपला, गिरण्या व मिक्सर यांनी कारागिरांच्या अनेक वस्तूंची जागा घेतली. ट्रॅक्टरमुळे बैलांची संख्या घटली आणि त्याबरोबर तिफण, कासरा, मोरकी व नांगराचा फाळ यांची गरज कमी झाली. २०१५ पासून लागू झालेल्या गोवंश हत्याबंदीनंतर बैलांच्या खरेदी-विक्रीवर परिणाम झाला. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोगामुळे राज्यातील जनावरांचे बाजार बंद ठेवण्यात आले. दुष्काळ पडल्यास शेतकऱ्याच्या हाती पैसा नसल्याचा फटका कारागिरांनाही बसतो.

कोविड-१९ साथीत २०२० मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये आठवडी बाजार बंद ठेवण्यात आले. पहिल्या टाळेबंदीचा काळ चैत्र-वैशाखाचा, म्हणजे माठविक्रीचा व लग्नसराईचा होता. भाजी व किराणा यांना अत्यावश्यक वस्तू म्हणून काही मार्ग मोकळे राहिले. माठ, सूप आणि दोर यांना तशी सवलत नव्हती.

ऱ्हास सर्व व्यवसायांत सारखा नाही. पाणी साठविण्याची भांडी किंवा टोपल्या यांना कारखान्यातील पर्याय सहज मिळाला, तर धार लावणे, शेवटणे, मापाची मूठ बसविणे अशा दुरुस्तीच्या कामांना तसा पर्याय मिळालेला नाही. पणती, सुगड, परडी व केरसुणी यांना सणामुळे मागणी टिकून आहे, मात्र ती वर्षातील थोड्याच दिवसांपुरती असते. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकच्या पिशव्या व थर्मोकोलच्या ताटांवर बंदी आल्यावर पत्रावळी व कापडी पिशव्यांना काही प्रमाणात वाव मिळाला.

शासकीय योजना

१७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांचा समावेश आहे. त्यांत सुतार, लोहार, कुंभार, चर्मकार, पाथरवट तसेच टोपली, चटई व झाडू करणारे कारागीर येतात. ओळखपत्र, प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात १ लाख व दुसऱ्या टप्प्यात २ लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज अशी तिची रूपरेषा आहे.

आरक्षणाच्या वर्गवारीत प्रदेशानुसार फरक आहे. कैकाडी समाज विदर्भातील बहुतांश भागात अनुसूचित जातींत, तर मराठवाड्यासह उर्वरित महाराष्ट्रात विमुक्त जातींत गणला जातो. घिसाडी जमात भटक्या जमातींच्या यादीत आहे. कायम पत्ता व कागदपत्रे नसणे ही भटक्या कारागिरांना योजनांचा लाभ घेण्यातील मोठी अडचण ठरते.

इतर देशांतील साम्यस्थळे

ठरावीक दिवसांच्या चक्राने भरणारे बाजार जगात अनेक ठिकाणी आढळतात. पश्चिम आफ्रिकेतील नायजेरियात इग्बो समाजाचा आठवडा चार दिवसांचा असून एके, ओरिए, आफो व न्क्वो या बाजारदिवसांवरून तो ओळखला जातो. उत्तर नायजेरियातील कानो शहराचा कुर्मी बाजार पंधराव्या शतकात तेथील राजा मुहम्मद रुम्फा याने वसविल्याचे मानले जाते. चामडे, कापड व धातूच्या वस्तूंसाठी तो प्रसिद्ध असून तेथे अरुंद गल्ल्यांतून गर्दीतच घासाघीस चालते. सेनेगलमधील डाकार शहरातील सुंबेद्यून येथे कारागिरांचे खास विक्रीकेंद्र असून तेथे पर्यटकांचा मोठा वाटा असतो. मराठवाड्यातील आठवडी बाजाराचे गिऱ्हाईक मात्र मुख्यतः शेतकरी व शेतमजूर असून वस्तू शोभेपेक्षा वापरासाठी घेतली जाते. त्यामुळे पर्यटनाच्या आधाराने टिकून राहण्याचा मार्ग येथील कारागिरांना सहसा उपलब्ध नाही.

साहित्यात

मराठी दलित व भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांत कारागिरांच्या जीवनाचे चित्रण आले आहे. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) हे आत्मकथन गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव टोपल्या विणत फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबाचे आहे. त्यास साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. उत्तम बंडू तुपे यांच्या 'काट्यावरची पोटं' या आत्मकथनात मातंग समाजातील जीवन आले आहे.

हे सुद्धा पहा

बलुतेदार
अलुतेदार
घिसाडी
गाव-गाडा
गंजगोलाई
वेळामावस
घाटनांदूर